शेजाऱ्याची ना-हरकत

"इथे ‘ढाळ’ लिहा, मयेकर. ‘उतार’ नको," अण्णा म्हणाले. "उतार रस्त्याला असतो. गटाराला ढाळ असतो."

मयेकरकाकांनी खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि अण्णांचं बोट होतं तिथे वाकून पाहिलं. "म्हणजे पुन्हा लिहून आणू?"

"खाडाखोड चालत नाही ना. स्वच्छ लिहून आणा. उद्या या. ज्योत्स्ना, चहा झाला का गं?"

मी चहाचा ट्रे घेऊन पडवीत आले. मयेकरकाकांनी अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीची घडी केली, ती शर्टाच्या आत सरकवली आणि मगच कप हातात घेतला. बाहेर बारीक पाऊस होता. अण्णांनी त्यांच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. मग दोघं एस.टी.च्या जुन्या गाड्यांबद्दल बोलत बसले. मयेकरकाका एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीची गोष्ट त्यांनी सांगितली. अण्णा मोकळेपणाने हसले. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला वाटलं असतं, दोन जुने दोस्त गप्पा मारतायत.

अण्णा म्हणजे माझे सासरे, गजानन पेडणेकर. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावातलं एकही घर त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय उभं राहिलं नव्हतं. आणि कुणाच्या चहाचेही ते मिंधे झाले नव्हते, हे त्यांचे दुश्मनसुद्धा कबूल करायचे. एकदा मयेकरकाका बरका फणस घेऊन आले, तर अण्णांनी तो हातही न लावता परत पाठवला. "सहीचं काम चालू असताना फणस? लोक काय म्हणतील, मयेकर?" काका बिचारे ओशाळून, तो भला मोठा फणस खांद्यावर टाकून पुन्हा खाली उतरले.

आमची वसाहत टेकडीच्या अंगावर होती. वरचा प्लॉट आमचा, त्याच्या खालचा मयेकरांचा. त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांनी आमच्या मागच्या खोलगट जागेत भराव घातला. ट्रकच्या ट्रक माती आली. पुरुषभर उंचीचं सपाट अंगण तयार झालं आणि त्याच्या कडेने चिऱ्यांची भिंत उभी राहिली. सगळं रीतसर. जमिनीची पातळी वाढवायची तर परवानगी लागते. अण्णांनी ती घेतली होती. वरून येणारं पावसाचं पाणी अडवायचं नाही, त्याला वाट ठेवायची, असाही नियम होता. अण्णांनी वाट ठेवली. भिंतीत सिमेंटचा मोठा पाइप बसवला. पूर्वी टेकडीचं पाणी आमच्या खोलगटात पसरायचं, मुरायचं आणि उरलेलं दोन्ही घरांच्या मधून हळूहळू ओहोळाला मिळायचं. आता ते सगळं त्या एका तोंडातून बाहेर पडणार होतं, आणि ते तोंड मयेकरांच्या मागच्या दारासमोर उघडत होतं.

मयेकरकाकांना हे कळायला नकाशा लागला नाही. मे महिन्यात त्यांनी स्वतः कुदळ घेऊन पाइपाच्या तोंडापासून ओहोळापर्यंत चर खणला. हद्दीच्या अगदी काठाने, थोडासा आमच्या बाजूला आला असेल. अण्णांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. पालिकेत एक अर्ज दिला. काही दिवसांनी पालिकेची माणसं आली, चर बुजवून गेली आणि जाताना काकांच्या हातात विनापरवाना खोदकामाची नोटीस ठेवून गेली.

काका तावातावाने वर आले तेव्हा अण्णांनी त्यांना खुर्ची दिली.

"मी कुठे नाही म्हणतो, मयेकर? खणा ना. पण परवानगी काढून खणा."

परवानगीच्या अर्जाला शेजारच्या मालकाची ना-हरकत जोडावी लागत होती. पालिकेतला नवा इंजिनियर काकांना म्हणाला, "अण्णांची सही तेवढी आणा, बाकीचं मी बघतो." तो पोरगा अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. अण्णांना डावलून काही करायची त्याची छाती नव्हती.

तेव्हापासून काका रोज सकाळी येत. अण्णा आंघोळ, पूजा उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला शाईचं पेन लावून पडवीत बसलेले असत. निवृत्त झाल्यापासून ते रोज तसेच बसत. पहिल्या वर्षी दोन-चार लोक सल्ला विचारायला आले असतील, पुढे तेही बंद झाले. सासूबाई जाऊनही तीन-चार वर्षं झाली होती. पेन मात्र रोज लागायचं खिशाला.

काका अर्ज पुढे करत. अण्णा तो पहिल्या शब्दापासून वाचत. एक दिवस नकाशाला उत्तर दिशेचा बाण नव्हता. दुसऱ्या दिवशी बाण होता, पण हद्दीची रेघ शाईने काढलेली नव्हती. मग गटाराची खोली फुटात लिहिली होती, ती मीटरमध्ये हवी होती. दर वेळी चूक खरीच असायची. दर वेळी चहा व्हायचा. आणि दर वेळी अण्णा म्हणायचे, "उद्या या."

दुपारी कामं आटपली की मी खाली मयेकरकाकूंकडे जायची. प्रभावतीकाकूंची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. पलंगावरून एकदा पडल्या, तेव्हापासून काकांनी त्यांची गादी जमिनीवरच घातली होती, स्वयंपाकघराच्या लगतच्या खोलीत, म्हणजे चूल-पाणी करताना त्यांच्यावर नजर राहायची. मी त्यांची वेणी घालायची. तोंड वाकडं झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

"तुझा सासरा सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"करतील हो काकू. नाही असं नाही म्हणत ते."

"तेच तर. नाही म्हणाला असता तर आमचा हा कोर्टात गेला असता, कलेक्टरकडे गेला असता. त्याला आशेवर ठेवलाय. सही त्या माणसाच्या पोटात आहे गं, आणि त्याला बद्धकोष्ठ झालाय." हसताना त्यांच्या ओठाच्या कडेने लाळ गळली, ती मी पदराने पुसली. "मला सांग, काय बोलतात दोघं एवढा वेळ?"

"काही नाही. एस.टी.च्या गोष्टी."

"ब्रेक फेलची सांगितली का?"

"सांगितली."

"दर वेळी घाट वाढतो त्यातला," काकू म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

मी माझ्या परीने सांगून पाहिलं. अण्णांना म्हटलं, "पाऊस वाढला तर काकांच्या घरात पाणी शिरेल." ते म्हणाले, "म्हणून तर अर्ज बिनचूक हवा. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवतील? माझ्याकडे." माझा नवरा प्रमोद कारखान्यात पाळीला जायचा. त्याला म्हटलं, तुम्ही करा सही. तर तो म्हणाला, "प्लॉट अण्णांच्या नावावर आहे, माझ्या सहीला कोण विचारतंय?" आणि कूस बदलून झोपला. अण्णांशी बोलायला तो लहानपणापासून घाबरायचा. शेवटी मी काकांनाच म्हटलं, "द्या तो कागद माझ्याकडे. अण्णांची सही मला येते. बँकेच्या स्लिपा मीच भरते त्यांच्या."

काका दचकलेच. "नको गं बाई! खोटी सही? उद्या त्यांनी विचारलं तर तुला घराबाहेर काढतील. आणि आता राहिलंय काय? फक्त पाइपाचा व्यास लिहायचाय. उद्या होऊन जाईल."

जुलै सरत आला होता. त्या दिवशी पहाटेपासून आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता. टेकडी दिसत नव्हती. अशा पावसात काका येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते आले. छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. शर्टाच्या आतून पिशवी काढली, तर अर्ज कोरडा ठणठणीत.

"या, या," अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मला वाटलं, आज काही तुम्ही येत नाही. ज्योत्स्ना, आलं घालून कर गं चहा."

मी स्वयंपाकघरात गेले. मागच्या खिडकीतून नवं अंगण दिसायचं. त्यावर लाल पाणी उकळल्यासारखं फिरत होतं. पाइपाकडे धाव घेत होतं, पण पाइपात मावत नव्हतं. भिंतीच्या माथ्यावरून ते खाली सांडायला लागलं होतं. मी तशीच पडवीत धावले.

"अण्णा, भरावावर पाणी चढलंय. भिंतीवरून खाली जातंय."

काका ताडकन उठले. "ती एकटी आहे."

"अहो, बसा," अण्णा म्हणाले. "पक्की भिंत आहे. मी उभं राहून बांधून घेतली आहे. एवढ्या पावसात कुठे जाता? दोन मिनिटांत बघून टाकतो, आज संपवूनच टाकू."

आणि त्यांनी खिशाचं पेन काढलं. टोपण उघडलं.

एवढ्या दिवसांत टोपण कधी उघडलं नव्हतं. काका त्या निबाकडे बघत राहिले. मग एकदा खालच्या घराकडे बघितलं. पावसात काही दिसत नव्हतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

अण्णा वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. मधेच एका शब्दावर थांबले, पुढे गेले. नकाशा उलटा धरून पाहिला.

"काका, तुम्ही जा," मी म्हटलं. "सही झाली की मी घेऊन येते."

"अर्जदाराच्या समोर सही करायची असते," अण्णा मान वर न करता म्हणाले. मग विचारलं, "मयेकर, खाली तारीख कुठे आहे?"

"तारीख?"

"अर्जाला तारीख नको?"

"तुम्ही घाला ना, साहेब. तुमच्या हाताने घाला."

"अर्जदाराच्या हस्ताक्षरात हवी."

काकांनी पेनासाठी हात पुढे केला. अण्णांनी पेन दिलं नाही. शाईचं पेन दुसऱ्याच्या हातात गेलं की निब बिघडते, असं ते नेहमी म्हणायचे. "ज्योत्स्ना, आतून बॉलपेन आण," ते म्हणाले.

मी आत गेले नाही. त्याच वेळी मागून आवाज आला. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी जड गोणी टाकावी तसा एक धप्पा, आणि मग लांबलेली खरखर. घराखालची जमीन क्षणभर थरथरली.

काका धावले. छत्री, चपला तिथेच राहिल्या. मी त्यांच्या मागे. पायऱ्यांवरून पाण्याचा लोट चालला होता, धरायला काही नव्हतं, मी दोनदा आपटले. खाली पोचले तेव्हा काका पुढच्या दाराला खांदा लावत होते. दार आतून चिखलाने दाबलं गेलं होतं. आम्ही दोघांनी ढकलून फटीएवढं उघडलं आणि मी आधी आत गेले, कारण मी बारीक होते.

आमची भिंत मधोमध फुटली होती. भरावाची सगळी माती मयेकरांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत घेऊन आत आली होती. काकूंच्या खोलीत चिखल फार नव्हता. मला आठवतं, तो माझ्या गुडघ्यापर्यंतही नव्हता. उभ्या माणसाला काही झालं नसतं. पलंगावर झोपलेल्या माणसालाही काही झालं नसतं.

त्यांचा उजवा हात वर होता. चांगला हात. खिडकीच्या गजापर्यंत पोचायला वीतभर कमी पडला होता.

मी त्यांना वर उचललं. वेणी मीच घातलेली होती, आदल्या दुपारची, तिच्यातल्या चिखलाने माझा हात लाल झाला. काका आत आले. त्यांनी बायकोच्या तोंडात बोट घालून माती काढली, पुन्हा घातलं, पुन्हा काढली. "प्रभा, थुंक," ते म्हणत होते. "थुंक बघू. थुंक."

दुपारी पाऊस ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला आला. नवा पोरगा होता, लिहिताना अडखळत होता. अण्णा छत्री घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले आणि शब्द सुचवायला लागले. "‘अतिवृष्टीमुळे’ लिहा. ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहा. भिंत परवानगीनुसार होती, तेही लिहा. परवानगीचा क्रमांक देतो."

मी म्हटलं, "हेही लिहा की हे काका दोन महिने गटाराच्या परवानगीसाठी आमच्या दारात येत होते. भिंत पडली तेव्हाही आमच्याच पडवीत होते."

तलाठ्याने अण्णांकडे बघितलं.

"लिहा ना," अण्णा शांतपणे म्हणाले. "खरंच आहे ते. ‘अर्ज विचाराधीन होता’ असं लिहा."

तसं लिहिलं गेलं. पुढे चौकशी झाली, तेव्हा मी तहसीलदारांसमोरही जसं घडलं तसं सांगितलं. पेन, तारीख, सगळं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, शेजाऱ्याने किती दिवसांत ना-हरकत द्यावी, हे नियमात कुठेच नाही. मी काय करू?" अण्णांवर काहीही आलं नाही. काकांना सरकारकडून मदत मिळायची होती, ती मात्र बरेच दिवस अडकली, कारण त्यांच्या नावावर विनापरवाना खोदकामाची नोटीस निघालेली होती.

तेराव्याच्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीसारखे पडवीत बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी मला हाक मारली. हातात तो अर्ज होता, काका त्या दिवशी टाकून गेले होते तो. खाली सही केली होती. ठळक, पल्लेदार, गावातल्या सगळ्या घरांच्या नकाशांवर असते तशी.

"हे मयेकरांना देऊन ये."

"आता?"

"काम अर्धवट ठेवू नये."

मी कागद घेतला नाही. तीन-चार वर्षं मी त्या घरात होते, पण अण्णांच्या डोळ्यांत बघून कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तारीख नसतानाही सही झालीच ना? मग तेव्हा का नाही केलीत? त्यांनी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

"काही नाही. चांगला माणूस आहे."

"मग?"

अण्णांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग एखाद्या अर्जातली साधी चूक दाखवावी तशा आवाजात ते म्हणाले, "सही केली असती, तर तो दुसऱ्या दिवशी आला असता का?"

मी कागद घेऊन खाली गेले. का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे उभं राहवेना, एवढं खरं.

काका पुढच्या खोलीत बसले होते. मागच्या बाजूला पत्रे ठोकले होते. सगळ्या घराला ओल्या मातीचा वास होता. पाहुणे जेवून गेले होते आणि पुण्याहून आलेली मुलगी आत भांडी घासत होती. काकांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि सही बघितली. घडी करून उशीखाली ठेवला.

"तू विचारलंस त्यांना?" त्यांनी विचारलं. "का नाही केली म्हणून?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

खोटं सांगता आलं असतं. पण तो माणूस एवढे दिवस खऱ्या-खऱ्या चुका दुरुस्त करत राहिला होता, त्याला आणखी काही बनावट द्यावंसं वाटेना. "तुम्ही रोज येत राहावं म्हणून," मी म्हटलं. "त्यांच्याकडे दुसरं कुणी येत नाही."

ते शिव्या देतील असं मला वाटलं. उठून वर जातील, अण्णांची गचांडी धरतील. मी वाट बघत होते. खरं तर त्यासाठीच मी सांगितलं असावं.

आत नळ बंद झाला. काकांनी दाराकडे बघितलं, मुलीला ऐकू जाणार नाही एवढा आवाज खाली आणला.

"मलापण बरं वाटायचं गं तिथे," ते म्हणाले. "तेवढाच वेळ घरातून सुटायचो. त्या दिवशी तू म्हणालीस, जा. मी पेनासाठी बसलो असं सगळे म्हणतात. चहा यायचा होता ना अजून."

त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. मी वर आले.

पुढच्या महिन्यात ते घर विकून मुलीकडे गेले. प्रमोदला मी सांगितलं की मी या घरात राहणार नाही; तो पहिल्यांदाच माझ्या बाजूने उभा राहिला आणि आम्ही कारखान्याजवळ भाड्याने खोली घेतली. महिन्यातून एकदा मी अण्णांचं घर आवरायला जायची. ते पडवीत बसलेले असायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "मयेकरांची काही खबर?" ते विचारायचे. "माझ्याबद्दल काय म्हणाले ते शेवटी?"

"काही नाही म्हणाले," मी सांगायची.

नऊ वर्षं ते असं विचारत राहिले. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ऐकून त्यांना बरं वाटलं असतं.